दह्याची वाटी आणि कुशीतली कळ

वर्सोवा,
६ जानेवारी २०२५

ती. अण्णामामांस,
जान्हवीचा शि. सा. नमस्कार. वि. वि.

फोनवर बोलताना तुम्हाला धाप लागते, म्हणून आईने पत्रच लिहायला सांगितले. शाळेत जन्मभर मुलांना धावायला शिकवणाऱ्या मामाला धावणे कागदावर विचारावे लागते, याचे वाईट वाटते.

वनरक्षक भरतीची धाव पुढच्या महिन्यात आहे. वयाच्या अटीमुळे ही माझी शेवटची भरती. मागच्या दोन्ही भरतींत अर्ध्या वाटेवर उजव्या बरगडीखाली अशी कळ आली, की शेवटची रेघ मी चालत गाठली. पहाटे आईबरोबर बंदरावर मासळी निवडायची, मग किनाऱ्यावर धावायचे, दुपारी पुस्तके. मामा, मी दमले आहे. आई म्हणते, नाहीच जमले तर मासळीची टोपली आहेच. टोपलीला मी कमी लेखत नाही, पण आईचे गुडघे रोज पाहते.

तब्येतीला जपा, आणि माझ्यावर रागावण्याइतकी माया शिल्लक ठेवा.

आपली,
जान्हवी


मुलुंड,
१० जानेवारी २०२५

चि. जान्हवीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या पत्राने माझ्यातला मास्तर उठून बसला. बाकीचा मी अजून आडवाच आहे.

आता सावकाश वाच. छाती आणि पोट यांच्यामध्ये एक पडद्यासारखा स्नायू असतो, त्याला श्वासपटल म्हणतात. श्वास घेताना तो खाली उतरतो, सोडताना वर चढतो. धावताना कुशीत कळ नेमकी कशाने येते, याविषयी जाणकारांत अजून एकमत नाही. पण वरच्यावर घेतलेला उथळ श्वास तिला बोलावतो, हे मी मैदानावर पुष्कळदा पाहिले आहे. म्हणून आधी उताणी पडून पोटावर हात ठेव. श्वास घेताना हात वर उचलला गेला पाहिजे. हेच मग चालताना साध, मग सावकाश धावताना. तीन पावले श्वास घे, दोन पावले सोड. असे केल्याने सोडण्याची सुरुवात एकदा डाव्या पावलावर येते, एकदा उजव्या, आणि हिसका एकाच कुशीला सोसावा लागत नाही. किती सुरेख रचना आहे पाहा.

कळ आलीच तर वेग कमी कर, दुखऱ्या जागी बोटे दाबून किंचित पुढे वाक, आणि ओठांचा चंबू करून श्वास लांबवर सोड.

तुझ्या आईला, सखुबाईला सांग, मी औषधे वेळेवर घेतो. तिचा विश्वास बसणार नाही, तरी सांग.

माया आहे तशीच आहे.

तुझा,
अण्णामामा


वर्सोवा,
२७ जानेवारी २०२५

ती. अण्णामामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

श्वास जमला. सरावात एकदाही कळ आली नाही. माझ्याबरोबर धावणारी प्रांजल म्हणाली, की मला सायकलच्या दुकानात हवा भरायला बसवावे.

पण काल आमचा सराव घेणाऱ्या सरांनी भरतीसारखी चाचणी घेतली, आणि कळ ठरलेल्या जागी हजर. प्रांजलच्या मते मला कळ येत नाही, भीती येते. तसेच असेल तर मी काय करू? आईने तर काहीच कमी ठेवले नव्हते. निघताना दही-साखर दिली. पहिल्या भरतीला वाटी दिली होती. अपयश आले म्हणून दुसऱ्या वेळी वाडगा. काल वाडगा, आणि वर पेलाभर गोड सरबत. तिचे म्हणणे, मागे आपला हात आखडला असेल.

उत्तराची घाई करू नका, पण वाट पाहते आहे.

आपली,
जान्हवी


मुलुंड,
३१ जानेवारी २०२५

चि. जान्हवीस अनेक आशीर्वाद.

भीतीला दोष देऊ नकोस. तुझी कळ वाडग्यात आहे.

सराव तू रिकाम्या पोटी करतेस आणि कसोटीला भरल्या पोटी जातेस. दही आणि इतके गोड सरबत पोटातून लवकर पुढे सरकत नाही. धावताना ते आतल्या आत हिंदकळते, आणि श्वासपटलाला उतरायला जागा उरत नाही. धावेआधी दोन-अडीच तास काही खाऊ नकोस, फार तर पाण्याचे लहान घोट घे. बिचारी सखुबाई दर अपयशानंतर उपाय म्हणून दुखणेच वाढवत गेली.

शास्त्र एवढेच सांगते. पण आईचा पुढे आलेला हात तिला न दुखवता कसा परतवायचा, हे मला माहीत नाही. ते तूच जमव.

हे पत्र थांबत थांबत लिहिले आहे. प्रत्येक वाक्यानंतर विसावा. आशीर्वादाला मात्र धाप लागत नाही, तो पूर्ण पाठवतो आहे.

तुझा,
अण्णामामा


वर्सोवा,
१९ फेब्रुवारी २०२५

ती. अण्णामामांस,
शि. सा. नमस्कार. वि. वि.

आईला तुमचे म्हणणे सांगितले. ती म्हणाली, की अण्णा शिकला आणि आमच्या हातचे दही बाधायला लागले. धावेच्या दिवशी ती वाटी घेऊन उंबऱ्यात उभीच होती. मी जीभ पुढे केली. तिने करंगळीने दह्याचा एक ठिपका लावला, वाटीवर झाकण ठेवले आणि ती घेऊन माझ्याबरोबर मैदानावर आली.

अर्ध्या वाटेवर मी कळेची वाट पाहत होते. ती आली नाही. रेघ मी धावत ओलांडली, वेळेच्या आत. यादी अजून लागायची आहे, पण ह्या वेळी मी चालले नाही.

बाहेर येऊन पाहते तो आई कुंपणापाशी कूस धरून बसलेली. काळजीपोटी, आणि टाकायचे कसे म्हणून, सगळे दही तिनेच संपवले होते. मग मी दिसेनाशी होईपर्यंत कुंपणाच्या बाहेरून तीही पळाली, गुडघे विसरून. मी तिची बोटे दुखऱ्या जागी दाबून धरली आणि ओठांचा चंबू करायला लावला. श्वास खाली बसल्यावर ती म्हणाली, की कळ घरात यायचीच होती, तर माझ्या कुशीत आलेली बरी.

वाटी घासून ठेवली आहे. बरे वाटले की या, आई ती तुमच्यासाठी भरणार आहे. सावकाश या, वाटेत लागेल तेवढा विसावा घ्या.

आपली,
जान्हवी