वर्तणूक : बरी

भिंगार, ७ जुलै २०२५

चि. मनवास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आणि कॉलेज सोडल्याच्या दाखल्याची झेरॉक्स मिळाली. चष्मा पुसून तीनदा वाचलं. वर्तणूक : बरी. अगं, बरी असते ती कालची भाजी! दोन वर्षं पहिली आलेली मुलगी तिसऱ्या वर्षाला पुण्याच्या विद्यापीठात निघाली, आणि प्राचार्य जाताजाता तिच्या दाखल्यावर हे लिहितात. मुलींच्या स्वच्छतागृहाला कुलूप लावून आत मोडके बाक कोंबले, तू चाळीसजणींच्या सह्यांचा अर्ज दिलास, त्याचा हा वचपा.

हा तुमचा प्राचार्य काकासाहेब, खर्डा गावच्या शाळेत मी शिकवायचे तेव्हा माझा विद्यार्थी होता. तेव्हा त्याला ऱ्हस्व-दीर्घ कळत नव्हतं, आता माणसं कळत नाहीत. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकत होते तेव्हा सिस्टर सांगायच्या, राग आला की अक्षर जास्त नीट काढावं. आज माझं अक्षर बघ किती सुरेख आलंय.

सोमवारी मी त्याच्या कार्यालयात जाणार. तुझ्या बाबाला, शामकांतला, सांगू नकोस. भाऊ माझा असला तरी जन्माचा भित्रा.

लोभ ठेव, पण कोणापुढे हात जोडू नकोस.

तुझी,
नीलांबरी आत्या

कोल्हार, १० जुलै २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

तुझं पत्र वाचून आधी हसले, मग लगेच हे लिहायला बसले. जाऊ नकोस ना. शुक्रवारी, १८ तारखेला विद्यापीठात कागदपत्रांची तपासणी आहे. सरांनी चिडून दाखलाच रद्द केला तर? इथलं नाव तर कमी झालंच आहे. बाबा म्हणतात, माफीचा अर्ज दे आणि शेरा बदलून घे. आई म्हणते, वन्सं गेल्या तर कॉलेजच्या भिंतीच माफी मागतील. मला भांडण नको, प्रवेश हवाय. गेलीसच तर गोड बोल.

गुडघ्याला तेल लाव. माया आहे तशीच राहू दे.

तुझी,
मनवा

भिंगार, १४ जुलै २०२५

चि. मनवास आशीर्वाद.

गोड बोलले. इतकं गोड की त्याला चहा मागवावा लागला. बाई, बाई करत तो खुर्चीतून उठला, म्हणाला की लेखनिकाची चूक असेल, आत्ता नवा दाखला देतो, 'चांगली' लिहून. मी नको म्हटलं.

दचकू नकोस. त्याला म्हटलं, शेरा राहू दे, फक्त कारण लेखी दे. विद्यापीठाने विचारलं तर पोरीने काय सांगायचं? तो टाळायला लागला. मग मी वर्गात सांगायचे तसं सांगितलं, घे कागद, मी सांगते ते लिही. आणि छप्पन्न वर्षांचा तो बाप्या खरंच लिहू लागला! मुलींच्या स्वच्छतागृहाचं कुलूप काढण्याची लेखी मागणी केल्यामुळे सदर विद्यार्थिनीस 'बरी' असा शेरा दिला आहे. 'विद्यार्थिनी'तली वेलांटी चुकली, तीही सुधारून घेतली. खाली सही, शिक्का, तारीख. आपण काय लिहिलं ते त्याला शिक्का मारल्यावर कळलं. तोवर कागद माझ्या पर्समध्ये होता.

मूळ कागद सोबत आहे. दाखल्याला जोड आणि मान वर करून जा.

आशीर्वाद आहेतच, ते मागावे लागत नाहीत.

तुझी,
आत्या

पुणे, २८ जुलै २०२५

ती. आत्यास सा. न. वि. वि.

आधी रागावते, मग बातमी देते. ते 'चांगली' लिहून देत होते आणि तू नको म्हणालीस! माझा प्रवेश पणाला लावून तू तुझा सूड घेतलास. दोन दिवस मला घास गेला नाही.

आता बातमी. प्रवेश झाला. खिडकीतल्या बाईंनी दाखल्याचा क्रमांक आणि शिक्का पाहिला. वर्तणुकीच्या रकान्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. मागे ही भलीमोठी रांग. तुझा कागद मी पिशवीतून काढलाच नाही.

पण वाया घालवला नाही. त्याच्या चाळीस झेरॉक्स काढल्या आणि सह्या केलेल्या चाळीसजणींसाठी कॉलेजातल्या माझ्या मैत्रिणीकडे, निकिताकडे पाठवल्या. त्यांनी त्या कुलपाच्या दारावर ओळीने चिकटवल्या. निकिता लिहिते, बुधवारी शिपायाला किल्लीच सापडेना, तेव्हा सरांनी स्वतः उभं राहून कुलूप फोडून घेतलं. बाक अजून व्हरांड्यात पडलेत.

काल सरांचा बाबांना फोन आला होता. मूळ कागद परत मिळाला तर उपकार होतील, म्हणाले. बाबा लगेच कबूल झाले. मी नाही म्हणून सांगितलंय. पदवी हातात पडली तरी देणार नाही.

राग गेलेला नाही, पण लोभही कमी केलेला नाही.

तुझीच भाची,
मनवा