अकरा नारळांचं तोरण

२९ जानेवारी, बुधवार

पावला गं बाई, गणपती पावला! गौतमीची नोकरी सुटली! दुपारी फोन आला, रडत व्हती. मी तोंडानं अगं अगं केलं, आन् फोन ठेवून देवापुढं साखर ठेवली. दीड वर्ष नात रांजणगावात खोली घेऊन राहतीय, कंपनीतल्या बिहारी कामगारांना टीबीच्या गोळ्या पोचवत फिरतीय. कोन स्थळ घेऊन येनार अशा पोरीला? म्हणून चतुर्थीला महागणपतीला बोलले व्हते — पोरीची ही नोकरी सुटू दे, अकरा नारळांचं तोरण बांधीन.

मच्छिंद्र म्हनला, "आई, तिच्या संस्थेला पैसा अमेरिकेचा यायचा. अमेरिकेनं बंद केला."

एवढी मोठी अमेरिका! आन् माझ्या अकरा नारळांनी हलली!

३० जानेवारी

हसू दबत न्हाई. सून सविता म्हनली, "आत्या, दाढ दुखतीय का?"

१ फेब्रुवारी, शनिवार

रांजणगावला जाऊन तोरण बांधलं. आमच्या निमोण्यातनं जीपनं गेले, गुडघे दुखले पन गेले. अर्धा किलो पेढे घेतले आन् गौतमीची भांडी बांधायला तिच्या खोलीवर गेले. ती दौंडच्या ऑफिसात कागद द्यायला गेली व्हती. पोरीची खोली म्हंजी — एकच पातेलं, त्यातच चहा, त्यातच भात.

दारात एक बाई आली. बिहारची, काडीसारखी, तोंडाला ओढणी. "दीदी?" मी म्हनलं, "दीदी गई. अब नहीं आएगी. शादी!" आन् हातावर पेढा ठेवला. तिनं खाल्ला न्हाई, ओढणीच्या पदराला बांधला. नाव विचारलं तर अनिता म्हनली. माझं हिंदी समजलं तिला. लई बरं वाटलं.

सविता घरी म्हनली, "स्थळ न्हाई, साखरपुडा न्हाई, आन् पेढे वाटून आलात?"

९ फेब्रुवारी

गौतमी घरी हाय. जेवत न्हाई. मी म्हनलं, एवढं काय गं, दुसरी मिळंल. तर म्हनली, "आज्जी, माझं एकटीचं न्हाई. साऱ्या जगातलं बंद केलंय. आफ्रिकेतल्या बाया दवाखान्याच्या दारातनं परत चालल्यात."

मी देवाला एकाच पोरीचं मागितलं व्हतं.

१० फेब्रुवारी

गौतमी आज रांजणगावला जाऊन आली. पगार न्हाई तरी. तिची एक पेशंट हाय, टीबीच्या गोळ्यांचा तिसरा महिना चाललाय, सरकारी दवाखान्यातनं गोळ्या हीच आनून द्यायची. घरमालकाला कळलं तर खोली जाईल म्हणून ती बाई दुसऱ्या कुनाला दार उघडत न्हाई. गौतमीनं तिला सांगितलं व्हतं, नोकरी गेली तरी मी येईन. तर खोलीला कुलूप. शेजारी म्हनले, दौंडवरनं गाडीत बसली, गावाला गेली.

बाईचं नाव अनिता.

"आज्जी, तू भांडी आनायला गेलीस तवा कोन आलं व्हतं का?"

म्हनलं, "न्हाई बया."

पासष्ट वर्षांची झाले, नातवंडापुढं कधी खोटं बोलले नव्हते.

२० फेब्रुवारी

भाकरी दोनदा करपली. तोरण जाऊन सोडून आनावं वाटतं. पन देवाला बांधलेलं सोडता येतं का? कुनाला विचारू?

२६ फेब्रुवारी

सांगितलं. नवस, पेढा, सगळं. न्हानीच्या दाराशी, उभ्या उभ्या. मला वाटलं पोरगी वरडंल. वरडली असती तर बरं व्हतं. हळूच म्हनली, "तिला नेमकं काय म्हणालीस? शब्द सांग." मी सांगितले. शादी. नहीं आएगी. मान खाली घालून ऐकत व्हती, जसं काय तिनंच चूक केलीय.

५ मार्च

अनिताच्या नवऱ्याचा नंबर मिळाला. ती तिकडं गावी हाय, गोळ्या बंद. तिथं पन एक दीदी यायची घरोघर. ती पन घरी बसलीय. पैसा तोच व्हता म्हने.

फोन मी मागून घेतला. म्हनलं, "मैं दादी. पेढेवाली. मेरा गलती. तू वापस आव." तिकडनं नुसता खोकला. मग म्हनली, "शादी हो गई दीदी की?"

म्हनलं, "नहीं. मैं झूठी."

२३ मार्च, रविवार

अनिताला उतरवून घ्यायला दौंडला गेलो, मी आन् गौतमी. गाडी साडेतीन तास लेट. फलाटावर बसून गुडघा चोळत राहिले. नवऱ्यानं हात धरून उतरवली. वाकून माझ्या पाया पडाया लागली, मी दंड धरला — नुसती हाडं. "दादी ने बुलाया, इसलिए आई." गौतमी दुसरीकडं बघत व्हती.

घरी आनली. मच्छिंद्र नाक मुरडत व्हता, मी म्हनलं माझ्या खोलीत झोपंल, खिडकी उघडी ठेवीन, मी ओसरीवर. तुला काय करायचं?

२९ मार्च

शिरूरच्या दवाखान्यात रिपोर्ट आला. साध्या गोळ्या आता अनिताला लागू पडत न्हाईत. दुसऱ्या, कडक, देनार. लागल्या तर लागल्या.

डॉक्टरबाईंनी विचारलं, "मधे गोळ्या कुनी बंद करायला लावल्या?"

अनितानं माझ्याकडं बघितलं. मग म्हनली, "अमेरिका ने."