अस्करगिलच्या खाणीसाठी न केलेली मागणी

मी, एनिड मॉड हेदरिंग्टन, वय एकोणऐंशी, अविवाहित, राहणार अस्करगिल, परगणा डरहॅम, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कोणाच्याही दडपणाविना लिहून ठेवते. गुडघे गेले आहेत, डोके जागेवर आहे. डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. पूर्वीची मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. राहते घर भाची डॉर्कस हिला द्यावे. मागची खोली तिने खुशाल भाड्याने द्यावी, फक्त राजकारण्याला देऊ नये.

२. बागेची अवजारे शेजारच्या मिसेस प्रडम यांना. कुंपणाच्या वादावरून आमचे बोलणे बंद आहे, तरी माझी कात्री त्यांच्या कात्रीपेक्षा चांगली.

३. बँकेतील सर्व शिल्लक खाण बचाव केंद्राला द्यावी. डॉर्कसचा गैरसमज होऊ नये म्हणून कारण लिहिते.

विरोधी पक्षाच्या छायामंत्रिमंडळात माझ्याकडे इंधनखाते होते. सरकारातल्या प्रत्येक मंत्र्यासमोर आमचा एकजण असे. त्याच्या कारभारावर नजर ठेवायची, चुकला की धरायचे, आणि सत्ता आली की बहुधा त्याचीच खुर्ची घ्यायची. माझ्यासमोर इंधनमंत्री ऑब्री फेनविक होते. त्यांना मी सभागृहात कधी सुखाने बसू दिले नाही.

अस्करगिलच्या खाणीत आग लागली आणि नऊ माणसे आत अडकली. मी सकाळीच तिथे पोचले. बचाव पथक हवा खेळवायच्या जुन्या बोगद्यातून वाट काढत होते. काही तज्ज्ञांचे म्हणणे होते, खाणीचे तोंड बंद करा, नाहीतर आग शेजारच्या खाणीत जाईल. तोंड बंद म्हणजे आतल्यांचा श्वास बंद. हुकूम मंत्र्याच्या सहीने निघायचा होता, आणि फेनविक सही करत नव्हते.

फाटकापाशी ते मला म्हणाले, "तुमचा पक्ष आज मला सभागृहात बोलावणार. मी इथून हललो की मागे माझे उपमंत्री. ते घाबरट आहेत. सही करून मोकळे होतील."

"हे मला कशाला सांगता?"

"बोलावणाऱ्या तुम्हीच आहात म्हणून."

संध्याकाळी लंडनला परतले तेव्हा आमचे पक्षप्रतोद लेस्टर पायबस यांनी मला गाठले. सदस्यांना पक्षाच्या शिस्तीत ठेवणे हे त्यांचे काम. मी त्यांना सगळे सांगितले.

"ते त्याचं तो बघेल," ते म्हणाले. "तू उभी राहा आणि त्याला इथं खेच. निवडणूक तोंडावर आहे."

"खाली माणसं आहेत, लेस्टर."

"सावलीला स्वतःचं मत नसतं, एनिड. इंधनखातं हवंय ना तुला?"

हवे होते. खोटे कशाला बोलू? मी सभागृहात उभी राहिले आणि म्हणाले, "मंत्र्यांनी आहेत तिथेच राहावे. माझी दुसरी मागणी नाही." आमच्या बाकांवरून चकार शब्द आला नाही. वाहवा आली ती समोरच्या सरकारी बाकांवरून, आणि ती जास्त झोंबली.

दुसऱ्या दिवशी सहा माणसे जिवंत वर आली. तिघे मेले. त्याच आठवड्यात माझे खाते काढून पायबस यांना दिले. निवडणुकीनंतर ते खरे इंधनमंत्री झाले. मी लंडन सोडताना निरोप द्यायला आले तेव्हा म्हणाले, "फेनविक हलला असता तर दुसरं कुणी धडाडीनं काम केलं असतं. त्या तिघांचं मरण तुझ्या माथी." चौकशीचा अहवाल वाचायची हिंमत मला आजवर झाली नाही.

४. लेस्टर पायबस हयात असल्यास त्यांना काहीही देऊ नये. अंत्यविधीला यावेसे वाटले तर येऊ द्यावे, बोलू देऊ नये.

५. या मृत्युपत्राचे व्यवस्थापक म्हणून वकील मिस्टर हॅरल्ड ऑर्ड यांना नेमते.

हे लिहून झाल्यावर साक्षीसाठी सिरिल रटरला बोलावले. वर आलेल्या सहांपैकी तो एक. त्याचा भाऊ विल्फ आत राहिला. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, पण त्याने वाचला. तिसरे कलम दोनदा वाचले.

मग म्हणाला, "बाई, विल्फ आणि ते दोघं छत कोसळलं तेव्हाच गेले. आग नंतर लागली. मी शेजारीच होतो. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

मी नाही म्हटले. त्याने खुर्ची ओढली आणि सही कुठे करायची ते विचारले.

तिसरे कलम आहे तसेच ठेवले आहे.

लिहून ठेवणार: एनिड मॉड हेदरिंग्टन

आम्हा दोघांसमक्ष सही झाली:
सिरिल रटर, निवृत्त खाणकामगार
आयव्ही स्टोबर्ट, ग्रंथपाल

अस्करगिल, १४ ऑक्टोबर १९७४