नळीतला बोल्ट

बुरुल,

वसंतात साबीरकाकाने लिहिलं होतं, "दादा, थरथरणारं इंजिन एकाएकी शांत झालं, तर संशय घे." तो माझ्या जावयावर, तुझ्या मिरलानवर, जळतो असं वाटून मी उत्तरच दिलं नाही.

आज गाडीचा ब्रेक दाबताना दगडासारखा कडक लागला, म्हणून बॉनेट उघडलं. इंजिनाची हवेची ओढ ज्या नळीतून ब्रेकला जोर देते, ती फाटली होती, म्हणून इंजिन थरथरायचं. आता तिच्यात बोल्ट ठोकलाय; थरथर थांबली, पण ब्रेकचा जोरही गेला. गाडीला हात फक्त मिरलानचा लागला होता. म्हणाला होता, "बाबा, तुम्ही पुस्तकं वाचा, गाडी माझ्यावर सोडा."

उद्या दोलोन घाट तू एकटी उतरणार, हे त्याला ठाऊक होतं. कदाचित माझंच चुकत असेल. तरी नवी नळी आणायला जाताना गाडीची किल्ली सोबत नेतोय. त्याला काही विचारू नकोस, मी विचारेन. सूप चुलीवर आहे.

काकाला सकाळीच उत्तर टाकलं: "तुझं खरं होतं. हत्यारं घेऊन ये."

बाबा