मार्लिससाठी मऊ काडतुसं

३ सप्टेंबर, शनिवार

टायरचं दुकान विकलं. सह्या झाल्या. शिकाऊ म्हणून लागलो त्याच दुकानाचा मालक होऊन बाहेर पडलो. आख्ख्या विस्कॉन्सिनमध्ये आज माझ्याइतका मोकळा माणूस नसेल.

निश्चय: यापुढे दर शनिवारी मी आणि मार्लिस, दोघं मिळून क्लबात रिव्हॉल्व्हरने निशाणेबाजी. आजवरचे सगळे शनिवार दुकानाने खाल्ले. आता ते बायकोचे.

अडचण एकच. मे महिन्यात तिला एकदा नेलं होतं. सहा गोळ्या झाडल्या, रिव्हॉल्व्हर टेबलावर ठेवलं, छान होतं म्हणाली, आणि नंतर माझ्याबरोबर यायचं नाव नाही. निदान मी तिथल्या तिथे केलं: धक्का. बाजारची काडतुसं म्हणजे गाढवाची लाथ, आणि बाईमाणसाचं मनगट नाजूक. (हीच बाई टोमॅटोच्या बरण्यांचा क्रेट तळघरातून एका दमात वर आणते. पण ते स्नायू वेगळे.)

उपाय: काडतुसं घरीच भरायची. वापरलेली पितळी नळकांडी, तळाशी नवी टोपी, चिमूटभर दारू, वर शिशाची गोळी. मऊ. लोण्यासारखी. यात अवघड ते काय?

६ सप्टेंबर, मंगळवार

काडतुसं भरायचा प्रेस आला. गॅरेजचं टेबल डुगडुगतं, म्हणून मार्लिसच्या शिवणाच्या टेबलावर बोल्ट मारून बसवला. भोकं अगदी छोटी. मार्लिस म्हणाली, विचारायचं तरी! मी म्हटलं, अगं, तुझ्यासाठीच तर चाललंय हे सगळं. त्यावर ती म्हणे, माझ्यासाठी आणखी काही करायचं असेल तर आधी मला कळव, मी घरातलं फर्निचर हलवते.

आनंद झाला की ती असंच बोलते.

संध्याकाळी तिची बहीण ट्वायला हॉर्न वाजवत आली. मंगळवारी दोघी कुठेशी जातात. कुठे ते मार्लिसने जूनमध्ये सांगितलं होतं. गोधड्यांचं मंडळ असावं.

१० सप्टेंबर, शनिवार

आज गोळ्या ओतल्या. चाकांचा तोल साधायला लावतात ती शिशाची वजनं दुकानातून बादल्या भरभरून आणली होती. गॅरेजचं दार उघडं ठेवून वितळवली, साच्यात ओतली. झकास! जरा सुरकुतल्या, पण झकास.

क्लबात गेलनला दाखवायला नेल्या. हा गेलन तिथला रेंज ऑफिसर. कधी झाडायचं आणि कधी थांबायचं ते तो सांगतो, त्यामुळे त्याला वाटतं सगळंच तो सांगतो. गोळी तळहातावर घेऊन म्हणाला, व्हर्लिन, ही झाडायची की केकमध्ये घालायची? सगळे हसले. साचा नीट तापव म्हणे.

जळतो.

१३ सप्टेंबर, मंगळवार

जुनी नळकांडी अक्रोडाच्या टरफलांच्या भुशात दिवसभर फिरवली. सोन्यासारखी निघाली! भुसा वेगळा करायला मार्लिसची नूडल्सची चाळणी घेतली. स्वच्छ झटकून जागेवर ठेवली.

ट्वायला जेवायला होती. पहिल्या घासाला म्हणाली, मार्लिस, अक्रोड घातलेस का गं? मार्लिसने माझ्याकडे पाहिलं. मग आख्खं पातेलं कचऱ्यात, चाळणी गॅरेजमध्ये, आणि आम्ही तिघं पिझ्झ्यावर. चाळणी आता कायमची माझी. एक अवजार वाढलं.

त्यानंतर दोघी बाहेर गेल्या. परत आल्या त्या खिदळतच. मार्लिसच्या हाताला माझ्या गॅरेजसारखा वास. शिवणयंत्राला तेल घातलं असणार. माझं नाक तेज आहे, आणि कान त्याहून. तीन गाड्यांपलीकडची सुटती हवा मला ऐकू येते.

१८ सप्टेंबर, रविवार

पहिला घाणा झाडून पाहिला. धक्का म्हणजे मांजराची शिंक! मी ओरडलोच. गेलननेही सहा झाडल्या, मान हलवली आणि म्हणाला, छान जमलंय, काडतुसं भरायच्या पुस्तकातलं दारूचं सगळ्यात कमी माप आहे हे, आता इथेच थांब.

थांब म्हटल्यावर थांबलो असतो तर आजही दुसऱ्याच्या दुकानात पंक्चर काढत असतो.

मार्लिस आली नाही. काकड्या लोणच्यात घालायच्या होत्या म्हणे.

२४ सप्टेंबर, शनिवार

विचार केला. ती येत नाही, याचा अर्थ धक्का अजून जास्त आहे. मांजराची शिंकही नको. फुलपाखराची हवी.

दारू आणखी कमी केली. पुस्तकाच्या खाली गेलो. गेलन म्हणाला, अरे बाबा, किमान मापाच्या खाली गेलास तर गोळी नळीतच अडकेल, आणि मागून दुसरी झाडलीस तर नळी फुटेल. मी त्याला टायरचं शास्त्र समजावलं. हवा थोडी उतरवली की गाडी कशी गुबगुबीत चालते! गेलन म्हणाला, टायर नळीतून बाहेर पडायचा नसतो, व्हर्लिन.

पुस्तकं वकील लिहितात. रात्र व्हायच्या आत डबा भरून तयार.

२७ सप्टेंबर, मंगळवार

येतेय! येतेय! येतेय!

आपणहून म्हणाली, येत्या शनिवारी येते, मलाही तुला काहीतरी दाखवायचंय. मी लगेच सांगितलं, गोधडी असेल तर गाडीतच राहू दे, तेलाचे डाग पडतील. ती माझ्याकडे बघतच राहिली. भारावली होती.

अंगठ्याच्या खाचेत तिला घट्टा पडलाय. केवढ्या जाड सुया वापरतात या बायका!

शनिवारसाठी तिला सांगायचे मुद्दे: उभं राहणं, श्वास, पकड, नजर, चाप, कोपर. विशेषतः कोपर.

१ ऑक्टोबर, शनिवार

सविस्तर लिहितो, कारण यात माझी चूक फारशी नाही.

सकाळ सोन्यासारखी. वाटेत मी उभं राहणं आणि श्वास उरकले. पोचल्यावर मार्लिसला म्हटलं, आधी मी झाडतो, तू फक्त बघ. चाप ओढला.

फुस्स.

कागदावर भोक नाही. धक्काही नाही! मी विजयाने वळलो. म्हटलं, बघितलंस? काही जाणवतच नाही! आणि दुसरी झाडायला चाप ओढणार, तोच गेलन ओरडला, थांबा! सगळ्यांनी थांबा! व्हर्लिन, बोट बाहेर! सगळ्यांनी हत्यारं खाली ठेवली. त्याने माझं रिव्हॉल्व्हर रिकामं केलं, नळीत कांडी घातली, हातोडीने ठोकली. टक टक टक, आणि माझी फुलपाखराची शिंक टेबलावर पडली. गेलन रागावला नाही. त्याचा चेहरा पांढरा पडला होता, तेच जास्त लागलं. आणखी एक झाडली असतीस ना, म्हणाला, तर मार्लिस शेजारीच उभी होती.

मी जरा बाकावर बसलो. न्याहारी कमी झाली होती.

ठोकाठोकी चालली होती तेव्हा पलीकडून एक म्हातारी हाक मारते, काय गं मार्लिस, आज शनिवारी कशी? तुझं चार नंबरचं टेबल रिकामं आहे बघ!

तुझं टेबल?

मार्लिसने पिशवीतून रिव्हॉल्व्हर काढलं. स्वतःचं. काडतुसं बाजारची, पूर्ण जोराची, गाढवाची लाथ. रेंज पुन्हा सुरू झाल्यावर सहा झाडल्या. दर गोळीला हात खांद्यापर्यंत उडायचा आणि ही खदखदून हसायची! सहाही भोकं कॉफीच्या कपाखाली झाकली जातील इतकी जवळ.

मी विचारलं, धक्का?

ती म्हणाली, व्हर्ल, धक्क्याचं मला कधीच काही नव्हतं. बंदूक एकदा बोलते आणि गप्प बसते. मे महिन्यात मी सहा गोळ्या झाडल्या आणि त्या सहांच्या मधे तू बोलायचा एकदाही थांबला नाहीस. बायकांच्या मंगळवारी मी इथे येते. जूनमध्ये सांगितलं होतं.

निघताना म्हणाली, ते कमी मापाचं सगळं आता बंद. मी डबा तिच्या देखत गेलनच्या स्वाधीन केला.

४ ऑक्टोबर, मंगळवार

ती क्लबात. पुरुषांना आज प्रवेश नाही. ट्वायलाची कुत्री माझ्याकडे ठेवून गेल्या.

पण करार झाला! शनिवार मिळणार. अट एक: फाटकात शिरल्यापासून फाटकाबाहेर पडेपर्यंत मी निशाणेबाजीबद्दल चकार शब्द काढायचा नाही. काढला तर बाहेर. एवढंच? हसूच आलं. लहानपणापासून मी मितभाषी. दिवसभर कुत्रीजवळ सराव केला.

८ ऑक्टोबर, शनिवार

हे पिकअपमध्ये बसून लिहितोय. क्लबाचं पटांगण. थंडी आहे.

बराच वेळ गप्प होतो, गेलन साक्षी आहे. तिने पहिली झाडली, मी गप्प. दुसरी झाडली, मी गप्प. तिसरीला मी फक्त "कोपर" म्हटलं. एक शब्द. तोही कौतुकाने.

तिने बोटानेच पार्किंग दाखवलं.

पुढच्या शनिवारी बघू म्हणाली. नाही म्हणाली नाही.

आत गोळ्यांचे बार उडतायत. हसूही ऐकू येतंय. इथून ती नीट दिसते, आणि कोपर अजूनही बाहेर जातंय. काच खाली करायला हात गेला होता, पण किल्लीशिवाय काच उतरत नाही, आणि किल्ली ती घेऊन गेलीय.