लाल पट्टा

कारापूर, दि. १४ फेब्रुवारी २०२४

।। श्री ।।

चि. सौ. पल्लवी हीस अ. आ.

मी मंगळवारी सकाळी सुखरूप पोचले. सोमवारी तुम्ही दोघं कामावर आणि सेजल शाळेत असताना बॅग भरून निघाले, त्याबद्दल तू फोनवर रडलीस. फोनवर मला काही बोलता येत नाही. तुम्ही हो आई, हो आई म्हणता आणि पलीकडे लॅपटॉप वाजत असतो. म्हणून लिहिते. हे पत्र पूर्ण वाच.

रविवारी सर्वेशच्या साहेबांच्या मुलाच्या वाढदिवसाला तुम्ही मला त्या मुलांच्या हॉटेलात नेलंत. बंगळुरातल्या मुलांना रविवारी खेळायला अंगण नाही, म्हणून घसरगुंडी, चेंडूंचा हौद आणि चीज घातलेले पदार्थ एका छपराखाली आणलेत, हे मला समजतं. मोज्यांचा वास सोडला तर जागा वाईट नाही. दारात सगळ्यांच्या मनगटाला कागदासारखे दिसणारे चिवट पट्टे बांधले. सेजलला निळा, तुम्हाला पिवळे, मला लाल. लाल शुभ म्हणून मी कौतुकाने हात पुढे केला.

आत जाऊन तुमच्या टेबलाशी खुर्ची ओढली, तर वेटर आला आणि उठा म्हणाला. मी कारण विचारलं. त्याने माझ्या पट्ट्यावर बोट ठेवलं. चष्मा लावून वाचलं. नॅनी. मी एकतीस वर्षं हायस्कुलात इंग्रजी शिकवलं आहे. मुलं सांभाळायला पगारावर ठेवलेली बाई, असा त्या शब्दाचा अर्थ आहे. लाल पट्टेवाल्यांनी चपलांच्या मांडणीजवळच्या बाकावर बसायचं, आणि त्यांना ताट नाही. दीड तास मी तिथे होते.

त्या कामात कमीपणा आहे असं मी म्हणत नाही. बाकावर सहा जणी होत्या, त्यांतली अंकिता नावाची मुलगी दोडामार्गकडची निघाली. माझी बोली ऐकून ती हरखली. हे रोजचंच, मनाला लावून घेऊ नका, असं तिने मालवणीत मला समजावलं आणि पर्समधून गावच्या जत्रेतलं गुळाचं खाजं काढून गुपचूप माझ्या हातावर ठेवलं. रविवारभरात मी खाल्लेली चांगली वस्तू तेवढीच.

माझा प्रश्न तुला आहे. दारातल्या मुलीला माझ्याबद्दल ते कोणी सांगितलं? मी चपला काढत होते, काही ऐकू आलं नाही. तू सांगितलंस, असं मी धरून चालले आहे. आया म्हणून नेलं तर जेवणाऱ्यांच्या यादीत एक माणूस वाढत नसेल. तसं असेल तर स्पष्ट लिही.

हा पट्टा ओढून तुटत नाही, कापावा लागतो. मी अजून कापलेला नाही. शेजारची गौरवी विचारत होती, नानी, हॉस्पिटलात होतात की काय. मी तिला अजून उत्तर दिलेलं नाही.

लोभ आहे, पण सध्या तो माजघरात बसला आहे. बाहेर राग उभा आहे.

आई

बंगळूर, दि. २० फेब्रुवारी २०२४

ती. आईंस सा. न.

वि. वि. तुमचं पत्र दोनदा वाचलं. तुम्हाला राग आला आहे तसा मलाही आला आहे, तोही लिहितेच.

मी दारात नव्हतेच. मी गाडी लावायला तळघरात गेले होते. वर आले तेव्हा माझा पट्टा तयार होता आणि तुम्ही आत गेला होतात. मी साहेबांच्या बायकोबरोबर केकच्या खोलीत अडकले, खांबामागचा बाक मला दिसलाही नाही. तुम्ही मला तिथल्या तिथे हाक मारली असती तर मी त्या वेटरला जन्माची अद्दल घडवली असती. ते न करता तुम्ही रात्रभर गप्प राहिलात आणि दुसऱ्या दिवशी निघून गेलात. सेजल शाळेतून आली, तुमच्या कॉटवर घडी घातलेली चादर बघितली आणि मला विचारलं, मी काय केलं?

नंतर तिच्याकडूनच कळलं. दारातल्या मुलीने तिला इंग्रजीत विचारलं, तुझ्याबरोबर आलेल्या या कोण? सेजल म्हणाली, माय नानी. त्या मुलीने ऐकलं नॅनी. बाबांना नाना म्हणायचे म्हणून तुम्ही सगळ्या कारापूरच्या नानी झालात, हे तिला कुठून माहीत असणार! सेजलची काही चूक नाही. तेव्हा तिच्याशेजारी कोण उभं होतं ते मी लिहीत नाही. तुमच्या मुलाला मी विचारलं, तर त्याने टीव्ही लावला. आता तुम्ही विचारा.

सुनेवर पहिला आळ घालण्याची पद्धत तुम्ही तरी मोडाल असं मला वाटलं होतं. तरीही आशीर्वाद थांबवू नयेत, ही विनंती.

पल्लवी

कारापूर, दि. २६ फेब्रुवारी २०२४

चि. सर्वेश यास अ. आ.

पल्लवीवर घातलेला आळ मी मागे घेतला आहे, असं तिला सांग. तू सांगशील ते मोठ्याने सांग, सेजलला ऐकू जाईल असं. आणि पोरीला हेही सांग की तिने योग्य शब्द योग्य माणसासाठी वापरला.

आता तू. वेटरने मला उठवलं तेव्हा मी त्याला दोन वाक्यांत गप्प केलं असतं. बेचाळीस मुलांचा वर्ग मी छडी न घेता सांभाळला आहे. पण मी बोलले नाही. मी तुझ्याकडे पाहिलं. तू पंधरा पावलांवर उभा होतास, हातात बशी होती. मला वाटलं, हा येईल. मी उठले ती हळू उठले, तुला वेळ मिळावा म्हणून. बाकापर्यंत हळू चालले. मग तू बशीत पाहिलंस.

दीड तास मी त्या बाकावर अपमानासाठी बसले नव्हते, तुझी वाट बघत बसले होते.

एवढंच लिही. तू पाहिलंस की नाही? मी चुकीचं पाहिलं असेल, तर माझ्यासारखी सुखी बाई या डिचोली तालुक्यात नसेल. उत्तर कागदावर हवं. तोवर तुझ्या हिश्शाची माया मी जपून ठेवली आहे, वाटलेली नाही.

आई

बंगळूर, दि. ४ मार्च २०२४

ती. आईस सा. न.

वि. वि. पाहिलं.

दारातच पट्टा वाचला होता. हसू आलं. घरी गेल्यावर गंमत म्हणून सांगू असं ठरवलं, तूही हसशील वाटलं. मग आत साहेब भेटले. वेटर तुला उठवत होता त्याच क्षणी ते मला म्हणत होते की आयाही बरोबर आणलीत ते बरं केलंत, मुलांकडे लक्ष राहतं. मी हो म्हटलं नाही. नाहीही म्हटलं नाही. तू माझ्याकडे बघत होतीस. तुझ्या अंगावर घरची सुती साडी होती, आणि आता जाऊन ही माझी आई म्हणायचं तर आधी का बोललो नाही तेही सांगावं लागणार होतं. प्रत्येक मिनिटाला ते आणखी कठीण होत गेलं.

घरात पल्लवी बोलत नाही. मी काय करू ते तू सांग. माफीच्या लायकीचं पत्र मला लिहिता येत नाही.

तुझा

सर्वेश

कारापूर, दि. ९ मार्च २०२४

चि. सर्वेश यास आशीर्वाद, या वेळी एकच.

खरं लिहिलंस. खरं लिहिलंस म्हणून राग उतरला असं समजू नकोस, उलट आता त्याला बसायला जागा मिळाली.

माझी माफी नको. माफी चार भिंतींत मागितली जाते आणि ज्यांनी पाहिलं त्यांना ती कळत नाही. ज्या दारात तू गप्प राहिलास त्या दारात जा आणि ती बाई माझी आई होती असं मोठ्याने सांग. आणि बाकावरची अंकिता, तिनेच मला सांगितलं, दर रविवारी तुझ्या साहेबांच्याच मुलाला घेऊन तिथे येते. तिला तुमच्या टेबलावर बसवून जेवू घाल. तिने मला खाजं दिलं तेव्हा मी कोण हे तिला ठाऊक नव्हतं. तुला ठाऊक होतं.

साहेब बघतील, म्हणशील. बघू देत.

सेजलला सांग, पोदेर सकाळी भोंगा वाजवत पाव विकायला येतो, मी तिच्यासाठी उंडे घेते आणि मग आठवतं की ती इथे नाही. पुढचं तुझ्या हातात.

आई

बंगळूर, दि. १८ मार्च २०२४

ती. आईंस सा. न.

वि. वि. काल काय झालं ते सर्वेश लिहिणार नाही, म्हणून मी लिहिते.

आम्ही तिघं गेलो. दारातल्या मुलीला सर्वेशने सांगितलं की महिन्यापूर्वी तुम्ही जिला नॅनी लिहिलंत ती माझी आई, आणि मी ते वाचून गप्प राहिलो. मागे रांग होती, सगळे ऐकत होते. ती मुलगी घाबरली आणि तिने आम्हाला फुकट आइस्क्रीमचं कूपन दिलं! सर्वेशने ते तिथेच ठेवलं.

अंकिता आली. सर्वेशने तिला टेबलावर बोलावलं. मॅनेजर नियम सांगू लागला, पण त्याच्या आधी अंकितानेच हात जोडले. साहेब-मॅडम वरच बसलेत, माझं काम जाईल, तुमच्या पाया पडते, मला बोलावू नका, असं ती म्हणाली. मग सर्वेश दाराकडे परत गेला आणि लाल पट्टा मागितला. तो वडिलांसाठी नसतो, मुलगी म्हणाली. तो म्हणाला, आज पोरीला सांभाळायला मीच आलो आहे. तिने बांधला.

आई, तो दोन तास त्या बाकाच्या टोकाला बसला. सेजलने आपली पिझ्झ्याची बशी तिथेच नेली. साहेब खाली आले, थांबले, हे काय म्हणून विचारलं. सर्वेश म्हणाला, त्या दिवशी इथे माझी आई बसली होती, तुम्ही आया म्हणालात आणि मी ऐकून घेतलं. साहेब मुलाचे बूट शोधू लागले. आज ऑफिसात काय होईल माहीत नाही. अंकिताचा नंबर मी घेऊन ठेवला आहे.

पट्टा त्याने काढलेला नाही. तोच घालून कामावर गेला.

तुमच्या लोभात मला पहिल्या ओळीत जागा असावी, शेवटच्या नाही.

पल्लवी

कारापूर, दि. २३ मार्च २०२४

चि. सौ. पल्लवी, चि. सर्वेश, चि. सेजल यांस अ. आ. नावांचा क्रम मुद्दाम असा आहे.

अंकिताच्या कामाचा विचार मी केला नव्हता. दुसऱ्याच्या पोटावर माझा मान मांडायला निघाले होते. ही चूक माझी, आणि तिला मी स्वतः पत्र लिहीन. तिला माझा पत्ता दे. दोडामार्ग इथून लांब नाही, घरी येईल तेव्हा माझ्या टेबलावर बसेल.

गौरवीला काल उत्तर दिलं. म्हटलं, हॉस्पिटलात नव्हते, मुलाच्या परीक्षेला बसले होते.

सुट्टी लागली की तिघंही या. सर्वेश, तो पट्टा तिथे कापू नकोस, आंघोळीत सांभाळ. माझाही अजून हातात आहे. कात्रीला धार लावून आणली आहे. दोन्ही एकदमच कापू, आणि कापेल सेजल.

तुमचीच

नानी