चोविसावं पाऊल

टॉलिव्हर कॉलेज, अलाबामा
१४ ऑक्टोबर १९७३

ती. आजोबांस,
अर्नेस्टीनचा शि. सा. न. वि. वि.

आईने पाठवलेला पेकानचा केक पोचला. अर्धा मी वाटला. खोलीतल्या डॉरिसला मोठा तुकडा गेला असं नंतर वाटत राहिलं, पण ती म्हणाली की तुकडे मोजत बसलीस तर पुढच्या वेळी अख्खा मीच खाईन.

कळवायची गोष्ट ही की मला बँडमध्ये जागा मिळाली. तात्पुरती नव्हे, पक्की. मोठ्या कर्ण्यांच्या रांगेत सहावी. हा कर्णा अंगाभोवती गुंडाळून खांद्यावर घ्यायचा असतो आणि त्याचं तोंड डोक्यावर छत्रीसारखं येतं. तो घातला की मागून फक्त माझे पाय दिसतात, असं डॉरिस म्हणते. बँडमध्ये मुलींना यंदाच घेतलं. आम्ही तिघी आहोत. फुटबॉलच्या सामन्याच्या मध्यंतरात मी एकटी मैदानात चालते. डॉरिस आणि लुएला बदली म्हणून कडेला उभ्या असतात. मुलं म्हणतात की कर्णा मुलीला वाहतोय. मी उत्तर देत नाही, कारण पहिल्या आठवड्यात ते खरंच होतं.

हेअरस्टन सर फार कडक आहेत. मैदानावर दर पाच यार्डांवर पांढरी रेघ असते आणि दोन रेघांमध्ये आठच पावलं पडली पाहिजेत, साडेसात नाही. प्रत्येकाची मोजणी वेगळी. पहिल्या रांगेत ट्रॉम्बोनवाले, कारण त्यांच्या पुढेमागे सरकणाऱ्या नळ्या पुढच्याच्या पाठीत बसतात. सर सांगतात की फौजेत शिपायांना उठायचं कधी, जेवायचं कधी आणि पुढे सरायचं कधी हे बँड सांगायचा, म्हणून तिथे चुकणाऱ्याला माफी नव्हती आणि इथेही नाही. इथे ज्याची जागा त्याचा जबाब. मी चॅपेलला जातानाही पावलं मोजते. एकशे बारा होतात.

आईला सांगा मी जेवते. लोभ आहेच, तो असाच राहू द्यावा.

तुमची,
अर्नेस्टीन

*

पाइन क्रॉसिंग
१९ ऑक्टोबर

चि. टीनी हिस,
आजोबांचे अ. उ. आ.

पत्र आईला दोनदा वाचून दाखवलं. तिसऱ्यांदा तिने स्वतः घेतलं आणि कामावर, शाळेच्या स्वयंपाकघरात नेलं. आता गावात सगळ्यांना ठाऊक आहे की चॅपेल एकशे बारा पावलांवर आहे.

तुझे सर शिकलेले आहेत, पण आमच्या लॉजच्या, म्हणजे गावातल्या बंधुमंडळाच्या बँडमध्ये मोजणी नव्हती. मी कॉर्नेट, तो आखूड कर्णा, वाजवत असे. आम्ही शेजारच्याच्या खांद्याकडे बघायचो. खांदा वळला की वळायचं. दहा वर्षांत शंभर प्रेतयात्रा केल्या आणि कोणी खड्ड्यात पडलं नाही. तुला अंगणात चालायला शिकवलं तेव्हा हेच सांगितलं होतं. खांदा सोडू नकोस.

माझ्या वडिलांकडे होता तो कर्णा तू पाहिला नाहीस. उत्तर-दक्षिणेची लढाई संपल्यावर कुठल्या तरी पलटणीने टाकून दिलेला. त्याचं तोंड मागे होतं, खांद्यावरून पाठीकडे. बँड पुढे चालायचा आणि पलटण मागून यायची, म्हणून सूर मागे जायला हवा. आम्ही पोरं हसायचो की हा कर्णा उलटा केलाय. वडील म्हणायचे की ज्यांना ऐकायचंय ते मागून येतायत, पुढे कोण आहे.

थँक्सगिव्हिंगच्या सामन्याला आपल्या चर्चची बस येणार आहे. माझी जागा धरली. आपल्या घरातलं कोणी कॉलेजच्या मैदानावर चालताना बघायला एवढं जगलो हे पुरे.

आपल्या माणसांवर जीव ठेव, आमचा तुझ्यावर आहे.

आजोबा

*

टॉलिव्हर कॉलेज
६ नोव्हेंबर

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र आईला वाचून दाखवू नका.

शनिवारी मोठा सामना होता. जुने विद्यार्थी आले होते, मैदान भरलं होतं. मध्यंतरात आम्ही कॉलेजच्या नावाचं पहिलं अक्षर, टी, उभं करतो. माझ्या उजवीकडचा मार्कस सोळाव्या पावलाला वळतो. मी चोवीस पूर्ण करून वळायचं. मी सोळाव्याला वळले. मोजणी चुकली असं नाही, मी त्या क्षणी मोजतच नव्हते. मार्कसच्या खांद्याकडे बघत होते.

पाठीमागून क्लिओफस रुड येत होता. त्याच्या वाटेत मी उभी. धडक टाळायला तो दोन पावलं बाजूला झाला, आणि टीच्या दांड्यात भलं मोठं भोक पडलं. प्रेक्षकांच्या वरच्या फळ्यांवरून लोक हसले, ते मला ऐकू आलं.

सोमवारी सर आमच्या चालण्याची फिल्म दाखवतात. आमच्यात रीत अशी की सर पडद्यावरच्या भोकावर काठी ठेवतात आणि विचारतात, ही जागा कोणाची. जागा ज्याची त्याने उठायचं आणि एवढंच म्हणायचं की माझी आहे, सर. कारण सांगायचं नाही, दुसऱ्याचं नाव घ्यायचं नाही. फिल्ममध्ये मी दिसतच नाही, माझ्या कर्ण्याच्या तोंडाआड झाकले गेलेय. क्लिओफस उठला आणि म्हणाला, माझी आहे, सर. सरांनी त्याची जागा काढून घेतली. रेघ मोडणाऱ्याला पुढचा सामना नाही, आणि आता एकच उरलाय, थँक्सगिव्हिंगचा. तो चौथ्या वर्षाला आहे. त्याची आई मोबीलला एका लाँड्रीत इस्त्रीला उभी असते. चार वर्षांत तिला एकदाही सुट्टी मिळाली नव्हती. या वेळी मिळाली आहे.

मी उठले नाही. काठी माझ्या जागेवर नव्हती, म्हणून उठायचं नसतं असं मी स्वतःला सांगितलं. पण रीत काय आहे ते मला विचारायचं नाही, आजोबा. मी उठले तर माझी जागा जाईल हे एक. दुसरं म्हणजे मुलं म्हणतील की बघा, मुलगी घेतली आणि टी फुटला. मग डॉरिस आणि लुएलाला कोणी कडेलाही उभं करणार नाही. त्यांनी काही केलेलं नाही.

मी काय करू ते लिहा. तुम्ही लिहाल तसं करीन.

तुमची,
अर्नेस्टीन

*

पाइन क्रॉसिंग
९ नोव्हेंबर

चि. टीनी हिस,
अ. आ.

गप्प राहा.

तो मुलगा मोठा आहे, स्वतःची काळजी घेईल. एक सामना चुकला म्हणून कोणी मरत नाही. तू सहा वर्षांची असताना शेजारणीच्या कोंबडीने आपल्या अंगणात अंडं घातलं, ते द्यायला पावसात गेलीस आणि वाटेत फोडून तीन दिवस रडलीस. जगात प्रत्येक अंडं परत करता येत नाही. तुझ्या आईने तुझ्यासाठी काय काय सोसलंय ते आठव. तोंड मिटून आपली चोवीस पावलं चाल. बसमध्ये माझी जागा धरलेली आहे.

आजोबा

*

टॉलिव्हर कॉलेज
१३ नोव्हेंबर

ती. आजोबांस,
सा. न.

तुम्ही लिहाल तसं करीन असं मी लिहिलं होतं. ते मला जमणार नाही. जन्मात पहिल्यांदा तुमचा शब्द मोडतेय, म्हणून मोडण्याआधी कळवते.

आज सरावाला क्लिओफस बादली घेऊन कडेला उभा होता. जागा गेलेल्याने पोशाख घालायचा नाही आणि बाकीच्यांना पाणी द्यायचं, अशी पद्धत आहे. त्याने मला पाण्याचा पेला दिला आणि हळूच म्हणाला की आज चोवीस झाले बरं का, मी मोजत होतो. चेष्टेत म्हणाला. मी पेला तसाच भरलेला परत केला.

उद्या सरावाआधी सरांना सांगेन. लोभ कमी झाला तर कळवू नये, एवढंच मागते.

अर्नेस्टीन

*

पाइन क्रॉसिंग
१३ नोव्हेंबर

चि. टीनी हिस,
अनेक आशीर्वाद.

मागचं पत्र फाडून टाक. ते लिहिल्यापासून झोप धड नाही.

खांद्याची शिकवण माझी आहे. तू तसं लिहिलं नाहीस, पण मला तुझं न लिहिलेलंही वाचता येतं.

आता तुला सांगतो ते तुझ्या आजीलाही माहीत नव्हतं. एकतीस साली पाद्री गेले. अख्खा गाव प्रेतयात्रेला होता. कबरस्तानाच्या फाटकाशी ड्रम चार ठोके देणार आणि मग कॉर्नेट उचलायचं, असं ठरलेलं. मी दुसऱ्या ठोक्यालाच वाजवलं. शवपेटी धरणारे दचकले, एकाचा पाय घसरला, पेटी कलली. पाद्रीणबाई किंचाळल्या. लॉजच्या वडीलधाऱ्यांनी ठरवलं की ड्रमवाल्याने ठोके चुकवले. ड्रमवाला म्हणजे आपला लायज क्रेन. तो शनिवारी थोडी घेत असे, म्हणून सगळ्यांना ते लगेच पटलं. मी तिथेच उभा होतो. लायजने ड्रम गळ्यातून काढून जमिनीवर ठेवला तो आजतागायत उचलला नाही. चर्चमध्ये आम्ही बेचाळीस वर्षं एकमेकांना नमस्कार करतोय. पुढे काही बोलत नाही.

काल रुळांपलीकडे त्याच्या घरी गेलो. तो वाटाण्याच्या शेंगा सोलत बसला होता. मी उभ्यानेच सांगितलं. तो शेंगा सोलत राहिला. मग म्हणाला की आसबरी, मी ड्रमवाला होतो, बहिरा नव्हतो. मला त्याच दिवशी माहीत होतं. फक्त बघत होतो की आधी कोण येतं, तू की प्रभू येशू.

मी विचारलं की तेव्हा बोलला का नाहीस. तो म्हणाला, तुझ्या घरात तान्ही पोर होती आणि लॉजमध्ये तुझी गरज होती; आणि पहिलं वर्ष वाट बघितली, मग राग आला, मग रागाचीही सवय झाली. एवढं बोलून त्याने अर्ध्या शेंगा माझ्यापुढे सारल्या. मी सोलल्या.

ती पोर म्हणजे तुझी आई.

जा आणि सांग, टीनी. मुलींचं काय होईल ते मला माहीत नाही. पण मागून येणाऱ्यांना तुझ्याकडून काय ऐकू जातंय ते बघ. माझ्या मागून येणाऱ्यांना मी बेचाळीस वर्षं काहीच ऐकवलं नाही.

आजोबा

*

टॉलिव्हर कॉलेज
१६ नोव्हेंबर

ती. आजोबांस,
शि. सा. न. वि. वि.

तुमचं पत्र आज हातात पडलं. मी बुधवारीच सांगून बसले होते. आपली पत्रं बहुधा मॉन्टगोमेरीला एकमेकांच्या बाजूने गेली असतील.

सरांनी ऐकून घेतलं, फिल्म लावली, तीनदा मागेपुढे केली. माझे पाय कर्ण्याखाली दिसले, सोळाव्याला वळताना. सर म्हणाले की मी वीस वर्षं फिल्म बघतोय आणि पाय बघायला विसरलो. शाबासकी दिली नाही, तशी अपेक्षा नव्हती. क्लिओफसला जागा परत मिळाली. माझी गेली, आणि ती डॉरिसला दिली. एका मुलाने विचारलं की पुन्हा मुलगीच का. सर म्हणाले की बदलीच्या यादीत पुढचं नाव तिचं आहे, तुला वाचता येत नसेल तर संध्याकाळी ये, शिकवतो.

क्लिओफस माझ्यावर चिडलाय. म्हणाला की तुला कोणी विचारलं होतं, मी सगळा विचार करून उठलो होतो, तुझी जागा गेली असती तर या लोकांनी मुलींना दार लावून घेतलं असतं. मी म्हटलं की लावलं नाही. तो म्हणाला की हो, तेच आता मला नवल वाटतंय. आणि मी आईला येऊ नको म्हणून लिहिलं होतं, आता तिला ये म्हणून फोन कर, आणि ती कारण विचारेल, तेही तूच सांग. मी लाँड्रीत फोन करून सांगितलं. त्या म्हणाल्या की पोरी, जेवतेस ना नीट.

आजोबा, थँक्सगिव्हिंगला येऊ नका. मी चालणार नाही. बादलीपाशी असेन, साध्या कपड्यांत. तुम्ही एवढ्या लांब येऊन मला तसं बघावं हे मला सोसणार नाही. पुढच्या शरदात पुन्हा जागेसाठी उभी राहीन, तेव्हा या.

लायजकाकांना माझा नमस्कार सांगावा. त्यांच्यापुढे कसं उभं राहावं ते मला कळत नाही, पण नमस्कार सांगावा.

तुमची,
अर्नेस्टीन

*

पाइन क्रॉसिंग
२३ नोव्हेंबर

चि. टीनी हिस,
आजोबांचे अनेक अनेक आशीर्वाद.

येऊ नका म्हणालीस. तू माझा शब्द मोडलास, मी तुझा मोडला, फिटंफाट झाली.

मी आणि लायज आलो होतो. आईने तुझ्यासाठी केक दिला होता, तो लायजने बसमध्येच उघडला. म्हणाला की बेचाळीस वर्षांचं काहीतरी वसूल करू दे. वरून तिसऱ्या फळीवर बसलो. सामना संपताच बस सुटणार होती म्हणून खाली येऊन भेटलो नाही. खरं सांगायचं तर दोन म्हाताऱ्यांचे डोळे तुझ्या सरांना दाखवण्यासारखे नव्हते.

बँड मैदानात आला तेव्हा लायजने विचारलं की तुझी कोणती. लोक ऐकत होते. मी म्हटलं, बादलीपाशी ती. आमच्या पुढे एक बाई इस्त्रीच्या कडक पोशाखात बसल्या होत्या, त्यांनी मागे वळून माझ्याकडे पाहिलं. आपल्या अंगावरचं पांघरूण माझ्या गुडघ्यांवर अर्धं टाकलं. त्या कोण हे तुला सांगायला नको.

टी उभा राहिला. त्यात भोक नव्हतं. डॉरिस छान चालली, तिला कळव. पण मी टीकडे फारसं बघितलं नाही. तुझ्याकडे बघत होतो. बादली खाली ठेवून तू जागच्या जागी पावलं टाकत होतीस. तुला वाटलं असेल कोणाचं लक्ष नाही. लायजने माझ्या गुडघ्यावर दोन बोटांनी ताल धरला आणि तोंडातल्या तोंडात तुझी पावलं मोजायला लागला. मैदानात मार्कस सोळाव्याला वळला. तुझी मान त्याच्याकडे गेली नाही. लायज मोजत राहिला. वीस, एकवीस, बावीस.

चोविसाव्याला तू वळलीस, त्या बादलीपाशी, एकटी.

लायज म्हणाला, बरोबर आहे. मग त्याचा हात माझ्या गुडघ्यावर तसाच राहिला, पार पाइन क्रॉसिंग येईपर्यंत.

तुझ्यावरचा लोभ कमी झाला का असं विचारलं होतंस. हे पत्र पुन्हा वाच आणि मग विचार.

आजोबा

ता. क. लायजचा ड्रम त्याच्या कोठारात आहे. कातडं गेलंय, पण चौकट शाबूत आहे. नाताळात घरी येशील तेव्हा नवं चढवायला आम्हाला एक जोडी धडधाकट हात लागतील.